सोनं बैलाला, आठ्या कवीला

“पहिल्या खेपेस राजा काढलास, आता बाळकृष्ण. माझा कवी कोठे आहे?” सुशीलाअक्कांनी चित्राचा बोर्ड माझ्याकडे परत सरकवला.

मी तंजावूरला मामांच्या वर्कशॉपमध्ये चित्रं काढते. आमच्या पद्धतीत खडूची पूड आणि डिंक यांचा लेप देऊन दागिन्यांना उठाव आणतात, वर सोन्याचा वर्ख बसवतात. चेहरा गोल, गुळगुळीत, हसरा. देवांना ते शोभतं. अक्कांचा माणूस एकोणिसाव्या शतकातला इटालियन कवी, दाढीवाला, त्यात समीक्षक. गुळमुळीत कविता दिसली की लिहिणाऱ्याची सालटी काढायचा, भीडभाड नाही. मला तो ऐकताक्षणीच आवडला.

कॉलेजातून रिटायर झाल्यावर अक्कांनी त्याच्या कविता तमिळमध्ये आणल्या होत्या. आपल्या गावानं त्याला परका म्हणून बाजूला ठेवू नये, म्हणून कव्हरवर तंजावूर चित्रच हवं होतं. पब्लिशर घाई करत होता. चित्र नसेल तर नुसतं नाव छापतो, म्हणाला.

मामा म्हणाले, “मकुट नाही, दागिने नाहीत. सोनें कोठे लावायचें? आपल्याला नक्को हें काम.”

मी अक्कांना विचारलं, “त्याला जगात काही आवडायचं तरी का?”

“बैल,” अक्का म्हणाल्या. “शेतातल्या शांत बैलावर कविता केली त्याने. तिकडे शाळेतलीं पोरें पाठ करायचीं.”

मामांनी चष्मा काढला. मोठ्या देवळातल्या नंदीच्या गावात बैलाची ओळख कोणाला करून द्यावी लागते?

“सरी, बरें,” ते म्हणाले, “सोनें बैलाला लाव.”

शिंगं, घुंगुरमाळ, झूल, सगळं सोनं तिकडे गेलं. कवी शेजारी, साध्या काळ्या कोटात. राहिला चेहरा. माझा हात सवयीनं त्याला हसवतच होता. फोटो समोर ठेवूनही जमेना. शेवटी, माझं काम तपासताना मामांच्या कपाळावर ज्या आठ्या पडतात, त्याच मी गुपचूप कवीला घातल्या.

अक्का बराच वेळ बघत राहिल्या. “हाच तो,” म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले.

प्रकाशनाच्या दिवशी लोक पुस्तक उघडून आधी बैलाची कविता हुडकत होते. मामा कव्हर न्याहाळत माझ्या शेजारी उभे होते.

“मनुष्य खवट दिसतो,” ते म्हणाले. “पण खोटी स्तुति करायचा नाही.”

मी त्यांच्या कपाळावरच्या आठ्यांकडे पाहिलं. देवाचा चेहरा ठरलेला असतो. माणसाचा काढायचा तर घरात एखादा खवट माणूस असलेला बरा.