दोह्यूनचा आवाज

समोर वाफाळता भात, सूप, आलं घालून परतलेलं डुकराचं मांस असं सगळं मांडलेलं, आणि एक विशीतला पोरगा हात मांडीवर ठेवून नुसता बसलेला. बाकीची मुलं जेवली, आपापली ताटं काउंटरवर ठेवून गेलीसुद्धा. मी आत भांडी घासत होते. मनात म्हटलं, झालं, आला एक नखरेल. हात पुसत बाहेर गेले आणि माझ्या मोडक्या जपानीत विचारलं, "आवडलं नाही का?" तो ताडकन उभा राहिला, कमरेत वाकला आणि त्याच्या त्याहून मोडक्या जपानीत म्हणाला, "तुम्ही. आधी."

मला काही कळेना. शेवटी आमचे स्वयंपाकी ओगावा-सान हसत बाहेर आले. त्यांनी सांगितलं, की हा नवा गोलकीपर कोरियाहून आलाय आणि यांच्यात घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाने चमचा उचलल्याशिवाय धाकटे जेवायला सुरुवात करत नाहीत. ओगावा-सान चाळिशीचे, मी पन्नाशीची. म्हणजे त्या जेवणघरात सगळ्यांत थोरली मी. आणि मी तर सगळं आवरून, घरी जाऊन जेवणारी. तोवर हा उपाशी बसणार होता की काय? मी मुळ्याच्या लोणच्याची एक फोड उचलली आणि उभ्या उभ्याच तोंडात टाकली. त्याबरोबर त्याने चमचा उचलला तो ताट रिकामं झाल्यावरच खाली ठेवला. त्या दिवसापासून दुपारी मुलं जेवायला आली, की मी आधी लोणच्याची फोड खायची, हा नेमच झाला.

मी तिथे कशी पोचले तेही सांगते. आमचे हे मोटारीच्या कंपनीत, नागोयाला पोस्टिंगवर. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि मी दिवसभर घरात भिंतींशी बोलू लागले. घराजवळच्या कोम्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, एक चिठ्ठी लावलेली पाहिली: एका छोट्या फुटबॉल क्लबच्या होस्टेलच्या स्वयंपाकघरात अर्धा वेळ मदतनीस हवी. ह्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, तू अंड्याला हात लावत नाहीस, तिथे काय करणार?" मी म्हटलं, हात बाटले तर बाटू देत, पोट तर नाही ना बाटत. आणि लागले कामाला.

पोराचं नाव दोह्यून. ताडमाड उंच, लांब हात, आणि मान कायम खाली. कोणत्याशा बंदराच्या गावचा, वडील बस चालवायचे, आई लहानपणीच गेलेली. मला तो 'इमो' म्हणायचा. त्यांच्यात मावशीला इमो म्हणतात आणि खाणावळीत वाढणाऱ्या बायकांनाही. "मग मी कोणती?" असं मी एकदा विचारलं, तर बराच विचार करून म्हणाला, "आधी दुसरी होता. आता पहिली." हे ऐकून मला आत जाऊन कांदा चिरावा लागला.

मीठ द्यायचं झालं तरी तो दोन्ही हातांनी देणार. सिनियर खेळाडू आला की खुर्चीवरून उठणार. आमच्या नात्यातल्या एखाद्या आजीने पाहिला असता, तर तिथल्या तिथे दृष्ट काढली असती. असा भिडस्त, असा संस्कारी. आणि हा संस्कारच मैदानावर त्याच्या मुळावर आला.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून सरावाचं मैदान दिसायचं. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तिथे राहून एक गोष्ट समजली. गोलकीपरचं निम्मं काम हातांचं आणि निम्मं तोंडाचं. सगळं मैदान फक्त त्यालाच समोर दिसतं, म्हणून त्याने ओरडून सांगायचं, डावीकडे सरक, मागे ये, त्याला अडव. आणि उंच आलेला चेंडू स्वतः घ्यायचा असेल तर "कीपर" अशी आरोळी ठोकायची, म्हणजे बाकीचे बाजूला होतात. समोर वयाने थोर असो की धाकटा, मैदानावर नावापुढे आदराचं -सान नाही आणि विनंतीही नाही. नुसता हुकूम.

आमचा दोह्यून चेंडू पकडण्यात वाघ, पण तोंडातून ब्र काढायचा नाही. कोच खिडकीखाली उभा राहून ओरडून ओरडून दमायचा, "आवाज, आवाज!" आणि दोह्यून मान डोलवायचा. मुक्यानेच.

"वडील म्हणायचे," त्याने मला एकदा सांगितलं, "लहानाचा आवाज मोठ्याच्या कानाला टोचू नये."

"वडील बस चालवताना हॉर्न वाजवायचे की नाही?" मी विचारलं.

तो नुसता हसला. क्लबने त्याला एकाच वर्षासाठी घेतलं होतं. आवाज फुटला नाही, तर डिसेंबरात घरी पाठवणार, हे त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, होस्टेलात सगळ्यांनाच ठाऊक होतं. म्हणून मीच त्याला शिकवायला घेतलं. ताट ठेवायला आला की म्हणायची, "मला हुकूम सोड. म्हण, मीठ आण." तो म्हणायचा, "इमो, जमलं तर, मीठ..." मी म्हणायची, "अरे, तोवर गोल झाला." रोज हाच तमाशा. ओगावा-सान पीठ मळता मळता हसायचे.

आणि एक दिवस त्याचा आवाज आला. उकळत्या नूडल्सचं मोठं पातेलं मी चाकाच्या गाडीवरून ढकलत होते. गाडीचं एक चाक फरशीच्या फटीत अडकलं, ते माझ्या ध्यानात आलं नाही, त्याच्या आलं. "इमो, मागे!" अशी गर्जना झाली, की मी पाण्याआधी आवाजानेच मागे उडाले. पातेलं कलंडलं, उकळतं पाणी माझ्या पायांपासून हातभर अंतरावर पसरलं. तो मात्र वाकून वाकून माझी माफी मागत होता. मोठ्या बाईवर ओरडलो म्हणून.

मी त्याला खुर्चीवर बसवलं. "आता का ओरडलास?"

"तुम्ही भाजला असता."

"मग मैदानावर असंच समज. आपण ओरडलो नाही तर समोरचा भाजणार."

हे त्याला पटलं. दुसऱ्या दिवसापासून खिडकीतून त्याचा आवाज येऊ लागला. आधी चिरकलेला, मग खणखणीत. कोच चहा प्यायला आत आला तेव्हा मला म्हणाला, "साठे-सान, तुम्ही याच्या सूपमध्ये काय घातलंत?" मी म्हटलं, हिंग. खोटं नव्हतं ते, अधूनमधून घालायचे मी.

पण एक गाठ सुटली नाही. संघाचा कप्तान इवासे-सान. पस्तिशी ओलांडलेला, बचावफळीतला, दोह्यूनच्या अगदी पुढ्यात उभा राहणारा. हा माणूस बोलायला कमी आणि करायला फार. दोह्यूनला आपली जुनी सायकल दिली, बँकेत खातं उघडायला बरोबर गेला, कोणता कचरा कोणत्या पिशवीत हेसुद्धा त्यानेच शिकवलं. मी आत कामात अडकले असले, की जेवायला बसताच मुद्दाम मोठा घास पटकन तोंडात घालायचा, पोराला थांबावं लागू नये म्हणून. बाकी सगळ्यांवर ओरडणारा दोह्यून इवासे-सानवर ओरडू शकायचा नाही. "ते आणि बाबा," तो म्हणायचा आणि दोन्ही तळहात एका पातळीला धरून दाखवायचा.

इवासे-सानला ते कळलं होतं. उंच चेंडू आला, की तो मागे एक नजर टाकायचा, पोरगा पुढे येतोय हे बघायचा आणि न सांगता बाजूला व्हायचा. कोच चिडायचा. "तू त्याला वाईट सवय लावतोयस." इवासे-सान म्हणायचा, "येईल हळूहळू. घाई कशाला?" दोघंही एकमेकांची भीड राखत होते. मी दोह्यूनला आमची म्हण सांगितली, भीड भिकेची बहीण. अर्थ समजावता समजावता माझी जपानी संपली. तो म्हणाला, "आमच्यात भीड म्हणजे चांगल्या घरचं लक्षण." आमच्यातही तसंच म्हणतात की.

शरद ऋतूत नेहमी खेळणाऱ्या गोलकीपरचं बोट मोडलं आणि दोह्यून संघात आला. चांगला खेळला. पुढच्या वर्षीचा करार होणार, असं कोच उघड बोलू लागला. मी ह्यांना ओढून एका सामन्याला घेऊन गेले. गोलच्या मागेच बसलो. दोह्यूनचा आवाज स्टँडमध्ये ऐकू येत होता, मी शेजारच्या जपानी बाईंना सांगत होते, हा आमचा मुलगा.

सामना संपत आला होता. बरोबरी होती. लांबून एक उंच चेंडू आला, वाऱ्याने आत वळला. इवासे-सान आकाशाकडे बघत मागे मागे येऊ लागला. या वेळी त्याला मागे नजर टाकायला सवडच मिळाली नाही. दोह्यून पुढे धावला. त्याचं तोंड उघडलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं. आवाज मात्र आला नाही. मी माझ्या जागेवरून ओरडले, मराठीतच ओरडले, पण त्याचा काय उपयोग? दोघं एकमेकांवर आदळले. चेंडू घरंगळत गोलमध्ये गेला, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. इवासे-सान गुडघा धरून पडला होता आणि दोह्यून त्याच्यासमोर, भर मैदानात, कपाळ जमिनीला टेकवून बसला होता.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं. या वयात पुन्हा खेळणं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. दोह्यून जेवेनासा झाला. मी लोणच्याच्या फोडीवर फोडी खाल्ल्या तरी चमचा उचलेना. मग एका दुपारी म्हणाला, "इमो, दवाखान्यात माझ्याबरोबर याल?"

मी रव्याचे लाडू केले, इवासे-सानला आवडायचे. खोलीत शिरल्या शिरल्या पोराने गुडघे टेकले. इवासे-सान म्हणाला, "ऊठ. माझीही चूक आहे. मी रोज बाजूला होत गेलो, म्हणून तुला ओरडायची वेळच आली नाही." पोरगा उठेना. तेव्हा इवासे-सान पलंगावर सरळ बसला आणि म्हणाला, "बरं, मग एक कर. तेव्हा जे ओरडायचं राहिलं, ते आता ओरड. माझ्या तोंडावर. मग आपली फिटंफाट."

दोह्यून उभा राहिला. त्याने श्वास घेतला. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. मी मनातल्या मनात त्याला ढकलत होते, ओरड रे बाबा, ओरड एकदाचा, नर्स आली तर येऊ दे. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, घशातून काही आलं नाही. शेवटी इवासे-सान हलकेच म्हणाला, "असू दे." आणि त्याने तोंड खिडकीकडे वळवलं. इतका पडलेला चेहरा मी त्या माणसाचा कधी पाहिला नव्हता. गुडघा मोडल्याचं दुःख त्याने गिळलं होतं, हे मात्र त्याच्या घशाखाली उतरलं नाही.

क्लबने करार पुढे केला होता. दोह्यूननेच नको म्हटलं. त्यांच्या देशात प्रत्येक मुलाला सैन्यात जावं लागतं, ते आत्ताच उरकतो म्हणाला. मी त्याच्यावर चिडले. आरडाओरडा केला. "एवढी मेहनत पाण्यात घालतोस?" तो खालमानेने ऐकत राहिला. मग म्हणाला, "इमो, मला जे चांगलं म्हणून शिकवलं, त्यानेच त्यांचा पाय मोडला. मी रागवायचं कुणावर?" विमानतळाच्या गाडीत त्याला बसवून दिलं आणि घरी येऊन मी दोन दिवस अंथरुणातून उठले नाही. ह्यांनी न विचारता वरण-भात केला.

मध्ये बरेच महिने गेले. इवासे-सान आता आमच्याच मैदानावर लहान मुलांना शिकवतो. पाय ओढत चालतो, दुपारी जेवायला येतो. परवा त्याला वाढत असताना माझा फोन वाजला. दोह्यूनचा मेसेज होता, जपानीत, आधीपेक्षा बरीच सुधारलेली. मी तो इवासे-सानसमोरच मोठ्याने वाचला. "इमो, इथे दिवसभर ओरडावं लागतं. वयाने मोठे असलेलेच समोर उभे राहून ओरडायला लावतात. सगळ्या तुकडीत माझा आवाज मोठा आहे असं म्हणतात. मला एकच कळत नाही. हा तेव्हा कुठे होता?"

इवासे-सानने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. मग म्हणाला, "साठे-सान, त्याला लिहा, आवाज मला इथवर ऐकू आला."

मी तिथेच उभ्या उभ्या लिहिलं. त्याने लगेच वाचलं. उत्तर अजून आलेलं नाही.