पाँडिचेरीत बाबांनी विचारलेला प्रश्न

माझं आडनाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर निम्म्या वाचकांना मी कुठली, कोणाची, माझ्या आजोबांनी नागपूरच्या मैदानावर कोणती दीक्षा घेतली, हे सगळं एका शब्दात कळेल, आणि पुढचं सगळं ते त्या शब्दासकट वाचतील. पण ही हकिगत त्या आडनावाचीच आहे.

नव्वदच्या दशकात मी पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेजला शिकत होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाबा रेल्वेत खलाशी, आई चौथी पास. हे मी तेव्हाही न विचारता सांगायचे, आताही सांगते. मला सांगायला आवडतं.

माझी रूममेट पाँडिचेरीची, तमिळ. आम्ही एकाच डिपार्टमेंटला होतो. केसांना खोबरेल, दोन्ही वेळा भात, आणि आडनाव मात्र चक्क फ्रेंच. शनिवारी कुणाच्या ना कुणाच्या अपार्टमेंटमध्ये देशी लोकांचं पॉटलक असायचं, प्रत्येकाने एकेक पदार्थ करून आणायचा. पहिल्याच सेमिस्टरला एका पॉटलकला पुण्याच्या एक काकू माझ्या शेजारी बसल्या.

"नागपूर का? छान. आणि आडनाव काय म्हणालीस?"

मी म्हणाले नव्हते. तेव्हा म्हणाले.

"अच्छा," काकू म्हणाल्या. "अच्छा, अच्छा. घे ना, कोशिंबीर घे."

मग त्या माझ्या रूममेटकडे वळल्या आणि इंग्रजीत तेच विचारलं. तिने सांगितलं.

"ते झालं गं. पण खरं काय?"

"हेच खरं."

"म्हणजे तुम्ही ख्रिश्चन?"

"हो."

"मग त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी माझा जन्म झाला नव्हता, आंटी."

कॅम्पसच्या बसमध्ये आम्ही दोघी पोट धरून हसलो. हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "माझ्या पणजोबांनी फ्रेंचांच्या राज्यात जात लिहून देऊन टाकली होती."

"लिहून? म्हणजे कशी?"

"घरी ये एकदा. अप्पा सांगतील. त्यांना कोणी विचारलं की फार बरं वाटतं."

दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या सुमारास, बाबांचा फोन आला. पुण्यात नोकरीला लागलेल्या माझ्या धाकट्या भावाला भाड्याची खोली मिळत नव्हती. मालक खोली दाखवायचे, आडनाव विचारायचे, आणि खोली कालच दिलेली निघायची. म्हणून त्याने राजपत्रात देऊन आडनाव बदललं. आमच्या गावाच्या नावाला 'कर' लावलं. त्याच्यापाठोपाठ बाबांनीही बदललं. आई म्हणाली, मग मी कुठे सही करू? बाबा म्हणाले, तुझं आपोआप बदलते.

राहिले मी. "तुझी थिसिस छापाच्या आधी बदलून घे," बाबा म्हणाले. "डिग्री नव्या नावाची पाह्यजे. एका घरात दोन नावं बरी नाही दिसत."

मी नाही म्हणाले. याच आडनावाने शाळेत मास्तरांनी हाक मारली, ज्या सुरात मारली तो सूर मला अजून पाठ आहे, आणि त्याच आडनावाने मी बोर्डात आले. आता डिग्री भलत्याच्या नावावर का लावू? भावाने फोन हिसकावून घेतला. "तुझं बरं आहे ताई, तू अमेरिकेत आहेस. तिथे कोण विचारतं?"

"इथे पहिल्या प्लेटीलाच विचारतात," मी म्हणाले.

डिसेंबरच्या सुट्टीत मी घरी गेले, तेव्हा बाबांनी कोर्टाचा कागद तयार ठेवला होता. माझी सही तेवढी बाकी होती. मी सही करेना, ते कागद आत ठेवेनात. चार दिवस असेच गेले. रूममेटही त्याच सुट्टीत घरी आली होती आणि मी पाँडिचेरीला जायचं ठरलंच होतं. निघायच्या दिवशी बाबा बॅग घेऊन दारात उभे.

"एकटी कायले जाते? रिटायर झालो तरी पास हाय नं माझा."

कागद त्यांच्या बॅगेत होता, हे मला न बघताही माहीत होतं.

मद्रासला रूममेट आम्हाला न्यायला आली. तिथून बसने पाँडिचेरी. स्टँडवरून पायी निघालो तेव्हा बाबा दर चौकात थांबत होते. "रूळ टाकल्यासारखे रस्ते हायत," ते म्हणाले. चौकात एक पोलीस उभा होता, डोक्यावर उंच लाल टोपी. बाबांनी त्याला नीट न्याहाळलं. "हा पोलीस हाय का बँडवाला?" मी रूममेटला भाषांतर करून सांगितलं. ती म्हणाली, आमच्याकडे बाहेरून येणारा प्रत्येक जण हेच विचारतो.

गावाच्या मधून एक कालवा जातो. त्याच्या समुद्राकडच्या बाजूला फ्रेंचांची पिवळी-पांढरी घरं, अलीकडे तमिळ घरं, रस्त्यावर उघडणारा ओटा असलेली. तिचं घर अलीकडचं. तिचे वडील, अप्पा, ओट्यावरच बसले होते. लुंगी, वर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. उमेदीची वर्षं त्यांनी फ्रेंच फौजेत काढली होती. त्यांना तमिळ यायचं आणि फ्रेंच यायचं. म्हणजे त्यांचं बोलणं मुलगी इंग्रजीत करणार आणि मी मराठीत. लांबलचक वाक्य बाबांपर्यंत पोचेस्तोवर दोन शब्दांचं व्हायचं.

"एवढंच बोलले?" बाबा दरवेळी विचारायचे.

अप्पांनी आमचं आडनाव विचारलं. बाबा माझ्याकडे बघायला लागले, म्हणून मी सांगितलं. जुनं. अप्पांनी ते दोनदा म्हणून बघितलं, जिभेवर नीट बसेपर्यंत, आणि मग विचारलं, कॉफी की चहा? आडनाव ऐकल्यावर चेहऱ्यावरची रेषही न हललेला माझ्या ओळखीतला तो पहिला भारतीय माणूस. बाबांनीही ते पाहिलं. आत हात धुवायला गेलो तेव्हा हळूच म्हणाले, "यांले काहीच कळलं नाही." आवाजात एवढा आनंद होता की मला हसू आलं.

संध्याकाळी अप्पा आम्हाला समुद्रावर घेऊन गेले. तिथे वाळू जवळजवळ नव्हती, काळे दगड रचलेले, आणि त्यांच्यावर लाटा आपटत होत्या. जवळच्या मोकळ्या जागेत म्हातारे लोखंडी गोळ्यांचा खेळ खेळत होते. आधी एक लहान लाकडी गोळी टाकायची, मग आपला गोळा तिच्या जितका जवळ नेता येईल तितका न्यायचा. बाबांच्या हातात एक गोळा दिला. त्यांनी तो तोलून बघितला, रेल्वेचा सुटा भाग बघावा तसा, आणि फेकला. गोळा गोळीला ओलांडून पार भिंतीशी गेला. एक म्हातारा काहीतरी म्हणाला, बाकीचे हसले.

"काय म्हणाला?"

"म्हणतोय, पाहुणा मद्रासला परत निघाला."

बाबाही हसले. मग बाकावर बसल्यावर गंभीर झाले.

"त्यांले एक विचार. तू सांगत होती, यांच्या आजोबानं नाव बदललं नं? मग लोक विचारत नव्हते का, आधी कोणतं होतं म्हणून?"

मला विचारवेना. हा त्या काकूंचाच प्रश्न होता. पण बाबा तो दुसऱ्या कारणासाठी विचारत होते. राजपत्र हातात आल्यापासून त्यांना हीच धास्ती होती, ते मला तेव्हा समजलं. मी विचारलं. रूममेटने माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे, आणि अप्पांना विचारलं.

अप्पा बराच वेळ बोलले. त्यांचे आजोबा धक्क्यावर माल उतरवायचे. फ्रेंचांचा कायदा होता: आपल्या जातीचे रीतिरिवाज सोडतो असं साहेबासमोर लिहून द्यायचं, एक आडनाव घ्यायचं, आणि मग तुम्हाला फ्रेंचांचाच कायदा लागू. कारकुनाने काही आडनावं वाचून दाखवली. आजोबांनी सगळ्यांत छोटं निवडलं, कारण सही शिकायची होती. घरी आले तर गल्ली जुन्याच नावाने हाका मारायला लागली. आजोबा वळायचे नाहीत. मुकादमाने हाक मारली, वळले नाहीत, काम गेलं. लोक खडे मारून बघायचे. ते पाठ करून तसेच उभे राहायचे.

"मग कवा थांबले लोक?" बाबांनी विचारलं.

"काही जण थांबलेच नाहीत. पण माझ्या वडिलांना त्या नावाने कोणी हाक मारली नाही."

"अन् कोणतं होतं ते?"

अप्पांनी हात उघडून दाखवले. "मला माहीत नाही. त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नाही. म्हणजे आम्हाला कोणी कितीही विचारलं तरी सांगता येऊ नये."

"अन् त्यांच्या बापाचं? त्यांच्या बापाचं नाव?"

"तेही नाही."

हे मी मराठीत सांगितलं. या वेळी बाबांनी 'एवढंच बोलले?' असं विचारलं नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्या बापानं मैदानावर देव सोडले. नाव नाही सोडलं."

नागपूरला उतरलो तर प्लॅटफॉर्मवर मागून कोणीतरी जुन्या आडनावाने ओरडलं. बाबांच्या वेळचा केबिनमधला दोस्त. बाबा सरळ चालत राहिले. मी शेजारी होते, मला त्यांची ताठ झालेली मान दिसत होती. पुन्हा हाक आली. बाबांनी पावलं वाढवली. तिसऱ्यांदा दोस्त धापा टाकत जवळ आला.

"काहून बे, बहिरा झाला का? पेन्शनीत कान पण जमा केले का?"

बाबांची मान वळली आणि त्यांना हसू फुटलं.

दोस्त गेल्यावर आम्ही चहा घेतला. "मले नाही जमत बाप्पा," ते म्हणाले. "मान आपोआप वळते." कपात बघत ते पुढे बोलले. "पोरानं बदललं ते बरं केलं. त्याले घर पाह्यजे. मी त्याच्या नावासोबत राहतो, बाप म्हणून. तू नको बदलू."

"मग एका घरात दोन नावं?"

"राहू दे. उद्या त्याचे पोट्टे विचारतीन, आधी कोणतं होतं? तवा कुठंतरी दाखवता आलं पाह्यजे नं."

कागद बॅगेतच राहिला. भाऊ माझ्याशी महिनाभर बोलला नाही, मग बोलायला लागला.

वसंतात माझी थिसिस बांधून आली. निळं कव्हर, पाठीवर सोनेरी अक्षरांत जुनं आडनाव. एक प्रत लायब्ररीत गेली. रूममेटची माझ्या आधीच गेली होती. दोन्ही कुठे ठेवल्यात ते आम्ही जाऊन बघून आलो. त्या रविवारी मी फोन केला.

"छापलं?" बाबांनी विचारलं.

"छापलं."

"लायब्ररीतून काढून तर टाकत नाही नं?"

"नाही. राहतं ते."

"अक्षर केवढं हाय? दुरून दिसते?"

"दुरून नाही दिसत, बाबा. जवळ जावं लागतं."

"बरं," ते म्हणाले. "जाईन कोणीतरी." मग त्यांनी फोन आईकडे दिला, आणि आईने विचारलं, जेवलीस का.