एका खुणेचा डॉक्टर

जावक विभागातल्या कारकुनाला अख्खं ऑफिस डॉक्टर म्हणायचं, आणि डॉक्टरांना औषध एकच माहीत होतं.

पंपांचे सुटे भाग विकणारी ती कंपनी. खोकी बांधायची, पत्ते चिकटवायचे, कुरियरवाल्याची सही घ्यायची, हे त्यांचं काम. बायको गेल्यापासून घरी मुलगा-सून आणि ऑफिसात खोकी, एवढाच बोलण्याचा पसारा. त्यात खोकी जरा मितभाषीच. मग एके दिवशी त्यांच्या कॉम्प्युटरची स्क्रीन लुकलुकायला लागली. अक्षरं थरथरायची, मध्येच पान काळं व्हायचं. भाच्यानं फोनवरून उपाय सांगितला. "मामा, ऑप्शन्समध्ये जा, मग ॲडव्हान्स्ड, मग खाली खाली या. 'हार्डवेअर ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करा' असा चौकोन दिसेल. त्यात खूण करा आणि प्रोग्राम बंद करून परत उघडा." केलं, आणि स्क्रीन अशी शांत झाली की बघत राहावं.

ऑफिसातली सगळी मशीनं एकदमच घेतलेली, त्यामुळे दुखणंही सगळ्यांचं एकच. शेजारच्या टेबलाचं बरं केलं, मग हिशेबवाल्यांचं, मग थेट मोठ्या साहेबांचं. तो चौकोन लोकांना दाखवून दिला असता तर दोन मिनिटांचं काम होतं. पण डॉक्टर पक्के! आधी चष्मा पुसायचे. मग विचारायचे, "केव्हापासून होतंय? सकाळी जास्त की जेवणानंतर?" मग मान हलवून म्हणायचे, "जरा पाणी आणता का?" माणूस पाण्याला गेला की खटाखट चौकोन गाठायचे, खूण करायचे आणि मोकळे. पाणी आलं की आजारी बरा. मग चहा, मग "सूनबाई कशी आहे?", मग "गुडघ्याचं काय झालं?" आयुष्यभर ज्या माणसाला कुणी हाक मारली नव्हती, त्याला आता तिन्ही मजल्यांवरून हाका यायच्या. खूण एकदा केली की टिकायची, पण नवी माणसं यायची, मशीनं इकडून तिकडे जायची, त्यामुळे दवाखाना चालू राहायचा.

सगळ्यात नाजूक मशीन रिसेप्शनवरच्या बाईंचं. ते आठवड्याला हटकून आजारी पडायचं. "जुनाट दुखणं आहे, लक्ष ठेवावं लागेल," असं डॉक्टर गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, आणि बाईही तितक्याच गंभीरपणे मान डोलवायच्या.

आणि मग अपडेट आलं. सकाळी सगळी मशीनं आपापली बंद झाली, आपापली उघडली. डॉक्टर चष्मा पुसून तयार होऊन बसले. अपडेट म्हणजे साथच, आता श्वास घ्यायला फुरसत मिळणार नाही. पण दुपार झाली तरी फोन वाजेना. शेवटी त्यांनी स्वतःच्याच मशीनवर ऑप्शन्स उघडले, ॲडव्हान्स्डमध्ये गेले, खाली खाली गेले. चौकोन नव्हता! पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले. वरचा पर्याय होता, खालचा होता, मधला चौकोन कुणीतरी अलगद उचलून नेला होता.

त्यांनी मुख्य कचेरीतल्या इंजिनिअरला फोन लावला.

"काका, ती सेटिंग काढून टाकली," तो म्हणाला. "आता ग्राफिक्सचं काय करायचं ते मशीन आपलं आपण ठरवतं. लुकलुकणंही गेलं ना? मग झालं तर."

"झालं," डॉक्टर म्हणाले, आणि फोन ठेवला.

दुखणंही गेलं आणि औषधही गेलं. लोक खूश. डॉक्टर मात्र उगाच पार्सलं पोचवायच्या निमित्तानं मजल्यामजल्यावर फिरत. "सगळं ठीक?" असं विचारत, आणि "एकदम मस्त, डॉक्टर!" ऐकून पडल्या चेहऱ्यानं परत येत. एकदा तर कुणाची तरी स्क्रीन बिघडावी असं त्यांच्या मनात येऊन गेलं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. घरी सून म्हणाली, "बाबा, हल्ली तुम्ही ऑफिसातलं काहीच सांगत नाही." सांगण्यासारखं होतं काय? खोकी होती. ते पुन्हा पूर्वीसारखेच एकटे पडणार होते आणि या वेळी ते त्यांना कळत होतं, एवढाच फरक.

असे बरेच दिवस गेले, आणि एका दुपारी रिसेप्शनवरून फोन आला. "डॉक्टर, स्क्रीन लुकलुकतेय. लगेच या."

डॉक्टर जिन्यावरून जवळजवळ पळतच गेले. चष्मा पुसायचंही भान राहिलं नाही. बघतात तर स्क्रीन ठणठणीत.

"कुठे लुकलुकतेय?"

"नाही लुकलुकत," बाई म्हणाल्या.

डॉक्टर घाम पुसत उभे राहिले. आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. "बाई, खरं सांगतो. लुकलुकली असती तरी मी काही करू शकलो नसतो. मला तो एक चौकोन माहीत होता. तो आता राहिला नाही."

"मला माहीत होता तो," बाई म्हणाल्या. "पहिल्याच वेळी पाणी घेऊन लवकर आले होते मी. तुमच्या मागेच उभी होते."

"मग दर आठवड्याला..."

"दर आठवड्याला मीच ती खूण काढून टाकत होते." बाईंनी नजर रजिस्टरकडे वळवली. "दिवसभर सगळ्यांना 'कोणाकडे काम आहे?' विचारायचं. माझ्याकडे काम असणारे तुम्ही एकटेच. आता चौकोनच गेला, दुसरं कारण सुचेना. म्हणून आज सरळ खोटं बोलले."

इतके दिवस डॉक्टर त्या टेबलाशी उभ्यानंच चहा प्यायले होते. आज खुर्ची ओढून बसले.

"उद्या काय कारण काढाल?" त्यांनी विचारलं.

"मी नाही काढणार. मी पुष्कळ काढली. आता तुमची पाळी."

घरी जाताना डॉक्टरांनी कारण शोधलं, रात्री जेवताना शोधलं, सकाळी दाढी करताना शोधलं. एकही धड सापडलं नाही. मग दुसऱ्या दिवशी ते तसेच रिसेप्शनवर गेले.