हातोडीवाली हिरा कुणाची?

आदिलाबादला नेणारी ऑटो दारात उभी होती. माझी पिशवी, गादीची वळकटी आणि पत्र्याची पेटी आत चढवून झाली होती. पुण्याची बस आदिलाबादहून संध्याकाळी सुटायची. बाबांनी ऑटोत डोकावून पाहिलं आणि पेटी उचलून परत ओट्यावर ठेवली.

“हे कायले नेतं? राहू दे इथं. तुयं घर हाय ना हे. आमी सांबाळतो.”

मी पेटीशिवायच ऑटोत बसले. खरं सांगायचं तर मला ते ऐकून बरं वाटलं होतं. ज्या घरात आपली पेटी राहते ते घर आपलं, अशी माझी समजूत होती. तुम्ही जे तेलंगणाच्या हद्दीवरच्या आपल्या बेल्यात राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे पुण्या-हैदराबादला गेलात, त्या सगळ्यांना आज हे सांगायचं आहे, कारण त्या समजुतीचं काय झालं ते तुमच्यातल्या कुणीच मला विचारलं नाही.

पेटीत कॉमिक्स होते. ‘हातोडीवाली हिरा’चे. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. नागपूरकडं कुणीतरी छापायचं, आणि ते कधी बंद पडलं हेही कुणाला माहीत नाही. हिरा लोहाराची बायको. नवऱ्याला दरोडेखोरांनी मारल्यावर ती भट्टीतली हातोडी घेऊन गावोगाव हिंडते. छपाई अशी की हिराच्या ओठांचा लाल रंग तिच्या गालावर पडलेला असायचा. मला कितीतरी वर्षं वाटत होतं की ती जखमच आहे.

ते माझ्याकडे आले भज्यांच्या गाडीवरून. बेल्याच्या बाजारात एक भजीवाला यायचा, त्याच्याकडे पलीकडून, महाराष्ट्रातून, रद्दी यायची. कॉमिकचं पान भज्यांना पुरत नाही, तेल हाताला लागतं, म्हणून तो वैतागायचा. बाबा मंडल ऑफिसात, म्हणजे आपल्याकडच्या तहसिलीत, क्लार्क होते. तिथले जुने तेलुगू पेपर घरी यायचे. मी पेपर द्यायची आणि कॉमिक घ्यायची. दोघंही खूश. प्रत्येक अंकावर तेलाचे डाग, काहींना कव्हर नाही, काहींचा शेवट नाही. एखादा हरवलेला अंक गठ्ठ्यात सापडला की मी बाजारातून घरापर्यंत पळत यायची. तसा आनंद मला नंतर कशाचाच झाला नाही. नोकरी लागल्याचाही नाही.

बाबांना हा नाद आवडायचा नाही. त्यांनी मला तेलुगू शाळेत घातलं होतं. मराठी शाळा घरामागं होती, तरी. ऑफिसात तेलुगूत टिपणं लिहिताना त्यांचे हाल झाले होते, वरच्या साहेबांनी सगळ्यांसमोर कागद फेकला होता, ते बाबा कधी विसरले नाहीत. “मराठीवर पोट भरत नाही,” एवढंच ते म्हणायचे. त्यामुळे घरात बोलायची एक भाषा, शाळेत लिहायची दुसरी. छापलेली मराठी मला हिरानं शिकवली. ‘क्षणार्धात’, ‘दरारा’, ‘खबरदार’ हे शब्द आमच्या घरात कुणी बोलत नव्हतं. अर्थ लागला की मी समासात पेन्सिलीनं लिहून ठेवायची. शब्द आमचे वऱ्हाडी आणि अक्षरं तेलुगू, कारण हाताला वळण त्यांचंच होतं. शाळेतल्या मुली मला मराठीवाली म्हणून चिडवायच्या. घरी आल्यावर मी हिरा उघडायची आणि मनातल्या मनात एकेकीला हातोडी घालायची.

पुण्यात नोकरी लागली ती तेलुगूवरच. विमा कंपनीत, तेलुगू ग्राहकांचे फोन घ्यायचे. बाबांचं खरं ठरलं, आणि त्याचाही मला राग आला. खोलीवरच्या मुली म्हणायच्या, “तेलंगणाची ना तू? मग मराठी कसं काय येतं?” मी ‘आहे’च्या जागी ‘हाय’ म्हटलं की हसायच्या आणि वर म्हणायच्या, “किती गोड.” तोंडावर शिवी दिलेली परवडते. त्या ‘गोड’ला उत्तर देता येत नाही. दोन-तीन वर्षांत मी ‘आहे’ म्हणायला शिकले. कुणी गाव विचारलं तर ‘नागपूरकडची’ असं सांगायला लागले.

अशात जुने कॉमिक्स जमवणाऱ्यांचा एक ग्रुप सापडला. रविवारी सकाळी निनाद नावाच्या माणसाच्या फ्लॅटवर सगळे जमायचे. निनादची दोन कपाटं भरलेली होती, प्रत्येक अंक प्लास्टिकच्या पिशवीत. सगळे ‘बालपण, बालपण’ करायचे. त्यांचं बालपण वडिलांनी दुकानातून आणलेलं होतं, कोरं करकरीत. तरी मला तिथं जायला आवडायचं, हे कबूल करते. एकदा मी हिराचं नाव घेतलं आणि निनाद खुर्चीतून उठलाच. त्याच्याकडे तिचा एकच अंक होता, तोही फाटका. मी सांगत सुटले. भजीवाला, तेलुगू पेपर, पेटी, सगळं. त्यानं विचारलं, “गाव कुठलं म्हणालीस?” त्या दिवशी मी पहिल्यांदा नागपूरकडची म्हटलं नाही. बेला म्हटलं.

दिवाळीनंतरच्या रविवारी मी गेले तेव्हा त्याच्या टेबलावर हिरा मांडलेली होती. अंकामागून अंक. सगळे भोवती उभे होते, फोटो काढत होते. मला आधी कळलंच नाही. मग एका कव्हरवर ओळखीचा तेलाचा डाग दिसला, बैलाच्या तोंडासारखा.

“तुमच्याच भागातून मिळाले,” निनाद आनंदानं म्हणाला. “तुला सरप्राइज द्यायचं होतं. अवस्था भयंकर होती गं. कुणीतरी सगळीकडे तेलुगूत खरडून ठेवलं होतं. खोडून खोडून हात दुखायला लागले.”

मी एक अंक उचलून खिडकीकडे धरला. पेन्सिल गेली होती. कागदावर नुसते वळ राहिले होते, उजेडात तिरपं धरलं तर दिसतील असे. एका ठिकाणी कागद खोडून इतका पातळ झाला होता की पलीकडचं चित्र दिसत होतं.

मी बाल्कनीत जाऊन दादाला फोन लावला.

“हो, आल्ता ना तो मानूस,” दादा म्हणाला. “तुयंच नाव सांगतलं त्यानं. म्हने ताईनं पाठोलं.”

“मले फोन काऊन नाही केला?”

“आता त्यात काय फोन करायचा वं? घर बांधून राह्यलो, सामान सारं अंगनात पडेल हाय. कागदंच होते. बाबांनीच पेटी उघडून देल्ली. आईनं जेवू घातलं त्याले. चांगला मानूस हाय, बाकरवडीचा डबा आनला होता.”

मी फोन बंद केला. आत आले. निनादच्या घरात मी जी भाषा कधीच बोलले नव्हते तीच तोंडातून निघाली.

“हे मायं हाय. मी तुले कवा पाठोलं होतं बे?”

कुणीतरी हसलं. मग कुणी हसलं नाही. निनाद समजावणीच्या सुरात म्हणाला, “अगं, तिथे वाळवी लागली असती. मी वाचवलंय हे. तुझ्या घरच्यांना त्याचं काही नव्हतं, तू स्वतः विचार कर.”

हे खरं होतं. म्हणूनच मला तो जास्त परका वाटला. माझ्या घरच्यांबद्दल खरं बोलायचा हक्क त्याला कुणी दिला होता? मी पिशवी उघडली आणि टेबलावरचे अंक आत भरायला लागले. प्लास्टिकच्या पिशव्या काढून तिथंच टाकल्या. त्यानं माझा हात धरला, मी झटकला. “ही चोरी आहे,” तो म्हणाला. मी म्हटलं, “मंग पोलिसात जा.” तो गेला नाही. निम्मे अंक त्याच्या कपाटात होते, ते त्याच्याकडंच आहेत. संध्याकाळी ग्रुपवर माझं नाव चोर म्हणून फिरलं आणि मला काढून टाकलं. ज्यांनी माझ्याबरोबर तिथं चहा-पोहे घेतले होते त्यांच्यातल्या एकानंही फोन केला नाही.

पुढच्या महिन्यात मी बेल्याला गेले. भांडायलाच गेले होते. नवं घर उभं राहिलं होतं, रंग बाकी होता. दादानं हौसेनं सगळं फिरून दाखवलं. “अन् हे तुयी खोली,” म्हणाला. आत खताची पोती लावलेली होती आणि भिंतीला टेकून त्याची मोटरसायकल. त्याला त्यात काही चुकीचं वाटत नव्हतं. मी तेही बोलून दाखवलं, पोत्यांपासून बाकरवडीपर्यंत सगळं. दादा चिडून शेताकडे निघून गेला. आईनं ताट वाढून पुढं सरकवलं आणि ती आत निघून गेली. ज्वारीची भाकर होती, मी खाल्ली. भूक लागली होती.

बाबा ओसरीत बसून होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“तुमीच म्हनलं होतं ना, सांबाळतो म्हून?”

त्यांना आठवत नव्हतं. आठवायचा प्रयत्न करताना त्यांचा चेहरा कसनुसा झाला, ते सोंग नव्हतं. मग ते म्हणाले, “आमाले वाटलं, आता तू का परत येते? तिकडलीच झाली तू. फोनवर बी तसंच बोलतं. मंग ठेवून काय करू, सांग बरं?”

ते रागानं बोलले असते तर मी आणखी भांडले असते. ते हिशेब समजावून सांगावा तसं बोलले. मी ‘आहे’ म्हणायला लागले होते आणि त्यांनी मला घरातून वजा केलं होतं, इतकं साधं. मला रडू आलं नाही. आणखी राग आला, आणि तो कुठं टाकावा ते कळेना. भाषा मी त्यांच्यामुळं बदलली नव्हती. पण तेलुगू शाळेत मला त्यांनीच घातलं होतं, आणि पुण्यात मी त्या तेलुगूच्याच जोरावर गेले होते. मी हे त्यांना म्हटलं. ते म्हणाले, “मंग काय, मजुरी करू द्यायची होती का तुले?” दुसऱ्या दिवशी सकाळच्या ऑटोनं मी निघाले.

आता पुण्यात मी एक खोली घेतली आहे, शहराबाहेर, माझी एकटीची. सुटीच्या दिवशी रद्दीची दुकानं धुंडाळते. मराठी, तेलुगू, हिंदी, जे कुणाला नको ते आणते. परवा एका गठ्ठ्यात हिराचा असा अंक सापडला जो मी कधीच वाचला नव्हता. दुकानदारानं विचारलं, “कुठल्या तुम्ही?” मी म्हटलं, “बेल्याची हाय.” त्याला बेला माहीत नव्हतं. मीही समजावून सांगितलं नाही. अंक छातीशी धरून माझ्या खोलीचा जिना चढले, आणि त्या वेळी मला कुणाचीही, म्हणजे तुमच्यापैकी कुणाचीही, आठवण आली नाही.

दादा विचारतो, कुठं राहतं आता? तुमच्यातल्या गाव सोडून गेलेल्यांपैकी काही जणी विचारतात, नवीन जागा कधी दाखवणार? पत्ता मी कुणालाच दिलेला नाही. भेटायला बोलवा, मी येईन. आईच्या हातची भाकरही खाईन. घरी मात्र मी कुणाला बोलवत नाही.