एक बांधीत, एक धुऱ्यावर

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. मी शाळेत विज्ञान शिकवतो. अतींद्रिय वगैरेवर माझा कधीच विश्वास नव्हता. अंधश्रद्धेवर दरवर्षी भाषणही मीच देतो... म्हणूनच लिहायला जास्त लाज वाटते.

२००४, रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस. गोंदियाजवळच्या गोरेगावपासून आत आमचं गाव. शालूला, माझ्या बायकोला, दुसरा महिना सरत आला होता. तीन दिवसांपूर्वीच गोंदियात सोनोग्राफी केली होती — गर्भ एकच, पिशवीतच, ठोके चांगले. त्या सकाळी तिचं पोट दुखत होतं. "गॅस असंन," म्हणून मी गोळी दिली. ती भिंतीकडे तोंड करून झोपली. रोवणीच्या बाया ठरलेल्या, मला दिवस मोडायचा नव्हता.

तेवढ्यात सगुणाआत्या आली. वडिलांची बहीण, गावची जुनी सुईण. मोतीबिंदूनं डोळे जवळजवळ गेलेले. शालूला तिनं हात लावला नाही. उंबऱ्यात थोडी थांबली, मग अंगणात माझ्याजवळ आली.

"बापू, हिले आत्ताच गोंदियाले ने. दोन हायेत. एक बांधीत, एक धुऱ्यावर. उजव्या अंगाले."

बांधी म्हणजे आमच्याकडे धानाचं शेत, धुरा म्हणजे त्याचा बांध.

मी हसलो. "आत्या, तुले चहातली माशी दिसत नाही, पोटातलं दिसून राहिलं? मशीननं पाह्यलं ना, एकच हाय."

"हास. मोठा मास्तर झाला तू. धुऱ्यावरचा धान पिकत नाही बापू, धुरा फोडते."

मी रोवणीला गेलो.

चार वाजता परतलो तर शालू खाटेखाली पडलेली, ओठ पांढरे. जीपनं गोंदिया गाठलं. उजवी नळी फुटली होती. एक गर्भ पिशवीत, दुसरा नळीत. क्वचित होतं असं, डॉक्टर म्हणाले. पिशवीत एक दिसला की नळीकडे कोण बघतं? मग त्यांनी विचारलं, "किसीने पेट मला था क्या?" कुणी पोट चोळलं होतं का?

शालूची आई, माझ्या सासूबाई, दवाखान्यात आल्या होत्या, शेजारीच उभ्या होत्या. पुढचा प्रश्न काय येणार, हे मला कळत होतं — दुखतंय कधीपासून?

"बुआ आई थी सुबह," मी म्हणालो. आत्या सकाळी आली होती.

एवढंच. खोटं काहीच नाही.

शालू वाचली, पिशवीतली पोरगीही वाचली. पण आत्यानं पोट चोळलं म्हणून नळी फुटली, असं गावभर झालं; तिला पुन्हा कोणी बाळंतपणाला बोलावलं नाही. ती दिसली की बाया लेकरं पदराखाली घ्यायच्या. बारशाला ती झबलं घेऊन आली, तर सासूबाईंनी कुंपणाबाहेरच अडवलं. "जा वो बाई, तुया हात नको लागू देऊ." आत्यानं माझ्या दिशेनं मान वळवली. एका वाक्यात ती सगळं सांगू शकली असती. झबलं काखेत धरून निघून गेली.

तुम्ही म्हणाल, सुईणीचा अनुभव. पण हात न लावता? त्या डोळ्यांनी? आणि बाजूसकट? मी तिला कधी विचारलंच नाही; विचारलं असतं तर तिनं आधीच सांगितलं होतं, हे कबूल करावं लागलं असतं. ती गप्प काऊन राहिली, तेही मला कळलेलं नाही.

आत्या तीन वर्षांपूर्वी गेली. शालू अजून पोरीला सांगते, "त्या आजीनं पोट चोळलं होतं माह्यं." मी तिथंच बसलेला असतो.

आत्यानं हात लावला नव्हता. हे त्या दोघींना सांगायचं माझ्याकडून अजून बाकी आहे.