आतोबांची भिंत

आमच्या आतोबांइतका चित्रांनी घेरलेला माणूस धार आणि देवास या दोन्ही संस्थानांत मिळून दुसरा झाला नसेल. आणि त्यांनी जन्मात एकही चित्र पुरे केले नाही. माझ्या आत्याचे हे यजमान धारच्या कचेरीत कारकून होते, पण लक्ष सदैव एखाद्या डागावर, भेगेवर नाहीतर सावलीवर. एकदा जेवताना पोळी हातात धरून तसेच बसले. "ही खायची नाही. हिच्यावर मांडवगडचा किल्ला उमटलाय." पोळी कोनाड्यात उभी राहिली, दुपारपर्यंत मुंग्यांनी किल्ला सर केला, आणि आतोबा जेवण सोडून मुंग्यांची फौज पाहत बसले. देवासला एकाच गावात दोन राज्ये, थोरली पाती नि धाकटी पाती, आणि दोन कचेऱ्या. धारहून धाकट्या पातीसाठी दिलेला लखोटा यांनी खुशाल थोरल्या पातीत नेऊन दिला. वरिष्ठांनी जाब विचारला तेव्हा शांतपणे म्हणाले, "त्या दारासमोर रंगाऱ्याच्या ओल्या साड्या वाळत होत्या, साहेब. आपणही तिकडेच गेला असता."

त्यांना खरे काढायचे होते ते आत्याचे चित्र. पण जित्या माणसाचे चित्र काढले की आयुष्य सरते, असे तिच्या सासूबाई सांगत. म्हणून ती कधी समोर बसली नाही. मग आतोबा कोळसा घेऊन तिच्या मागे फिरत. ताक घुसळतानाचे कोपर, दळतानाची पाठ, जे हाती लागेल ते ओसरीच्या भिंतीवर उतरवत. रंग सगळे घरचे: हळद, कात, काजळ.

"अहो, माझी काजळाची डबी कुठंय?"

"तुझ्याच केसांत गेली. बघ की भिंतीवर."

दर दिवाळीला भिंतीवर चुना फिरे आणि वर्षाचे काम पुसले जाई. आम्ही हळहळायचो. आतोबा मात्र हात चोळत उभे राहत. "वा! पुन्हा चुकायला जागा झाली!" आणि नव्याने सुरुवात. चेहरा तेवढा कधी साधला नाही.

पुढे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तरी रोज भिंतीशी बसून म्हणायचे, "चेहरा राहिलाय." एका दुपारी आत्याने हातातले सूप खाली ठेवले आणि त्यांच्यापुढे येऊन बसली.

"बसले हो. काढा काय काढायचंय ते."

"आणि आयुष्य?"

"दोघांचं मिळून आता उरलंय किती? काढा."

दिसत तर काहीच नव्हते. त्यांनी डावा हात तिच्या चेहऱ्यावर ठेवला आणि उजव्या हाताने भिंतीवर कोळसा चालवला. मी मान खाली घातली. वर पाहिले तेव्हा आत्या हसत होती.

"अगबाई, हे नाक की वांगं?"

"नाक तुझंच आहे. जागा माझी चुकली. उद्या पुन्हा बसशील?"

त्या श्रावणात आतोबा गेले.

दिवाळीच्या तोंडावर चुना लावणारा आला. ओसरीच्या भिंतीकडे कुंचला रोखून त्याने माळवीत विचारले, "बई, या भींत भी पोतूँ कई?" मी भिंतीला पाठ लावून आडवा उभा राहिलो. "आत्या, यंदा आपल्याकडे दिवाळी नाही. राहू दे ना एवढी."

"दिवाळी नाही, खरं. पण भिंत त्यांची आहे, आणि त्यांना ती कोरीच लागायची." मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "हाँ भिया, पोत दो."

चुना वाळला. आत्याने चुलीतून एक चांगला लांबट कोळसा निवडला, पदराने त्याची राख पुसली आणि आतोबांच्या कोनाड्यात ठेवून दिला.