कोठीतला दिवा

कापूस कधी विकायचा ते आमच्या घरात मला कुणी विचारत नाही, आणि ज्वारी कशी ठेवायची ते मी कुणाला विचारत नाही. तेलगू मुलखातल्या वांकिडीकडच्या गावात माझा संसार या एका तहावर चालला आहे.

पण गेल्या पावसाळ्यात माझं नाक कापलं गेलं. पोतं उघडलं तर ज्वारी कमी आणि सोंडकिडेच जास्त. दाण्याला भोक, आत नुसता भुगा. भाकरी अशी कडू की कुत्र्यानंही वास घेऊन तोंड फिरवलं. पुढचं पीक येईपर्यंत रेशनचा तांदूळ खावा लागला. तेलगू शेजाऱ्यांचं भातावर छान चालतं, पण आमच्या आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, भाकरीशिवाय जेवणच होत नाही. "भातानं पोट फुगते, भरत नाई," म्हणत त्या रोज माझ्याकडे असं बघायच्या, जणू मीच सोंडे पाळले होते.

यंदा मी हट्टालाच पेटले. पत्र्याची हवाबंद कोठी घ्यायची! यांना नवी मोटारसायकल हवी होती. "गाडीवर बसून खासान काय, वारा?" मी विचारलं. शेवटी कोठी आली, पण यांनी अट घातली. "पोळ्याले उघडू. एक जरी सोंडा निघाला, तर कोठीत म्हशीचं पानी भरीन. मंग या घरात तुह्या मनाचं काईच येनार नाई."

शेतकी खात्याच्या साहेबांनी युक्ती सांगितली होती. ज्वारी कडक वाळवायची, कोठी गच्च भरायची, दाण्यावर ताटलीत पेटता दिवा ठेवून झाकण लावायचं आणि फटीवर सायकलची जुनी ट्यूब आवळायची. दिवा आतली हवा खातो आणि विझतो. हवा संपली की किडे गुदमरून मरतात. मधे उघडायचं मात्र नाही.

मी दिवा ठेवत होते तेवढ्यात आत्याबाई देवळातून आल्या. दाण्यावर दिवा बघून त्यांनी हात जोडले, कोठीला हळदीकुंकू वाहिलं आणि लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणाल्या, "सोन्यासारखी सून हाये व माही!" असं ऐकल्यावर कोण मधे थांबून किड्यांची गोष्ट समजावत बसणार? मी आपली फुगून फिरत राहिले.

मग एका सकाळी ट्यूबची गाठ बदललेली दिसली. मी मारलेली गाठ सुटता सुटत नाही. ही सैल होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कोठी फसावी असं घरात एकाच माणसाला वाटत होतं! मी यांना धरलं. "गाडी पाह्यजे म्हून चोरून कोठी उघडता? लाज वाटते काई?" हे बिचारे शपथा घेत होते आणि मी आणखी भडकत होते. कितीतरी दिवस मी यांच्या चहात साखर घातली नाही. गाठ रोज बदलतच होती.

शेवटी एका सकाळी मी दाराआड उभी राहिले. आंघोळ करून, ओल्या केसांनी, आत्याबाई आल्या. सराईतासारखी ट्यूब सोडली, झाकण उचललं. दोन सोंडे काठावर येऊन निवांत हवा खात बसले. बाईंनी तेल घातलं, काडी ओढून दिवा लावला, झाकण ठेवलं आणि ट्यूबला वासरू बांधायची गाठ मारली.

"आत्याबाई! हे काय करून राह्यल्या तुमी?"

त्या दचकल्या नाहीत. माझा हात धरून मला खाली बसवलं. डोळ्यांत पाणी. "तुले भेव वाटन म्हून बोलली नाई. हा दिवा रोज विझते व! तेल वाढवलं, वात जाड केली, तरी विझते. लक्षुमीवरचा दिवा असा विझनं चांगलं नसते. घरात कोनावर काय येते काय मालूम. म्हून सोमवारचे उपास धरले म्या."

अगं बाई! ही माउली आमच्या जिवासाठी उपाशी राहत होती आणि सोंड्यांना रोज ताजी हवा पुरवत होती, वर उजेडसुद्धा. मला हसावं की रडावं कळेना. हे मात्र खाटेवर लोळून लोळून हसले. "चोर सोडून संन्याशाला फाशी! माही साखर आन आता," म्हणाले. दिली, करते काय!

ज्वारी पुन्हा ताडपत्रीवर पसरली, वाळवली, चाळली. कोंबड्यांनी त्या दिवशी सोंडे असे झोडले की संध्याकाळी त्यांना खुराड्यात शिरवेना. कोठी पुन्हा भरायची वेळ आली तेव्हा मी आत्याबाईंना हवेचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाल्या, "बरं, आतला विझू दे. पन एक बाहेर ठेवू, कोठीपुढं. थो नाई विझू द्यायचा." मी थकले होते. हो म्हटलं.

पोळ्याला कोठी उघडली. हे चष्मा लावून सोंडा शोधत होते आणि मी यांच्या खांद्यावरून डोकावत होते. एक निघाला नाही! दाणा भरल्या दिवशी होता तसाच. आत्याबाईंनी एक दाताखाली धरला, कट्टकन आवाज झाला. त्या दिवशी त्यांना ठेच्यासोबत भाकरी खाताना बघून माझंच पोट भरलं. मग हात धुता धुता म्हणाल्या, "पाह्यलं? बाहेरच्या दिव्यानं राखलं." मी कपाळावर हात मारून घेतला.

आता इचोड्याच्या नणंदेनेही कोठी घेतली आहे आणि आत्याबाई तिला शिकवायला गेल्या आहेत. काल त्यांचा फोन आला. "दिवा चालू हाये ना व?"

"हाये ना," म्हणत मी मान वळवली. कोठीपुढचा दिवा विझलेला. ज्वारीचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही हे मला पक्कं माहीत आहे. तरी फोन खांद्यानं कानाशी दाबला आणि आवाज न करता काडी ओढायला गेले. काडी कुठली ऐकते, फर्रकन पेटली!

पलीकडे ते ऐकू गेलं. मग आत्याबाई म्हणाल्या, "काऊन व, आता लावून राह्यली काय?"

मी वात सारखी केली.

"मंग सोमवार धर."

मी असलं काही मानत नाही. उद्या सोमवार आहे. धरला आहे.